पहिला ग्लास

१५ सप्टेंबर, मंगळवार

पाण्याचा नमुना घ्यायला शाळेच्या नळावर मधल्या सुट्टीत गेलो, ही माझीच चूक. मुलं बाटल्या घेऊन रांगेत, आणि मी नळ सोडून घड्याळाकडे बघत उभा. नियम म्हणजे नियम – नळ पुसायचा, तोंडाशी स्पिरिटचा बोळा पेटवून धरायचा, मग पाच मिनिटं पाणी मोकळं सोडायचं, आणि मगच नमुना. बाटलीच्या काठाला बोट लागलं की ती बाटली बाद.

रांगेत पुढे दोन वेण्यांची एक मुलगी होती. म्हणाली, "आम्हाला सांगता पाणी जपून वापरा, आणि तुम्हीच ओतून देता."

"हे तपासायचं पाणी आहे."

"मग आधी आम्ही पितो, नंतर तपासा."

सगळी पोरं हसली. मास्तरीणबाई व्हरांड्यातून म्हणाल्या, "तिच्या तोंडाला लागू नका. रोज शाळा उघडायच्या आधी बाटली भरायला येऊन नळावर बसते. पहिला नंबर लागतो तो तेवढा एकच."

पाचाऐवजी सव्वापाच मिनिटं सोडलं. मनाची खात्री झालेली बरी.

घरी आलो तर भिंगरी पायरीवर बसलेली. दादाची मुलगी, पुढच्या महिन्यात चार पूर्ण होतील. एका जागी ठरत नाही म्हणून दादाने हे नाव ठेवलं. आता ठरते. पोट दुखतं म्हणते. डॉक्टर म्हणाले रक्त कमी आहे, लोहाचं औषध द्या. दोन बाटल्या संपल्या.

१८ सप्टेंबर, शुक्रवार

निकाल आले. सगळे नमुने निर्दोष. आमच्या पाणीखात्याचे साहेब म्हणाले, "तुझ्या बाटल्या म्हणजे शहाणी पोरं. कधी तक्रार नाही." बरं वाटलं. नववीत शाळा सुटलेल्या माणसाला कोणी असं म्हणत नाही.

व्हॉल्व्हवाला शेजारीच होता. टाकीवरून पाणी सोडणं-बंद करणं त्याच्याकडे. म्हणाला, "साहेब, याला लग्नाची मुलगी दाखवली तर हा आधी पाच मिनिटं वाट बघेल."

२० सप्टेंबर, रविवार

सकाळी आमच्याकडे रोज एक समारंभ असतो. भिंगरी स्टुलावर चढते, स्वतः नळ सोडते आणि पहिला ग्लास तिचा. तिच्या आधी कोणी नळाला हात लावायचा नाही – चहासुद्धा नंतर. ती झाली तेव्हा दादाने नळ अंगणातून स्वयंपाकघरात आणला. वहिनीला गारठ्यात बाहेर जायला नको म्हणून. तेव्हापासून तो "भिंगरीचा नळ". पहिलं पाणी गार असतं, तिला तसंच आवडतं.

आज तिने अर्धा ग्लास ठेवला. दादा म्हणाला, "अगं, राणीसाहेबांनी पाणी टाकलं तर प्रजेने काय करायचं?" ती हसली नाही. वहिनी म्हणाली, "पी बाई, तेवढं तरी पोटात जाऊ दे." मग प्यायली.

दादाचं नळाचं काम मात्र बघत राहावं असं. जाड दगडी भिंत, तीन ठिकाणी वळण, तरी कुठे जोड नाही. जुन्या खाणीच्या वसाहतीतून त्याने ती मऊ नळी काढून आणली होती. हाताने वाकते. गोठली तरी फुटत नाही. आमच्या वरच्या आळीत ज्याला त्याला तशीच हवी. शिकला नाही कुठे, बघून बघून हात बसला.

२४ सप्टेंबर, गुरुवार

दादाचं म्हणणं – हे सगळं खाणीमुळे. खाण बंद होऊन किती वर्षं झाली, पण ओढा अजून तिच्या तोंडावरून येतो आणि दगडांवर तांबडी साय असते.

"खाणीतून शिसं निघायचं, माहितीये ना? तेच पाण्यात उतरतं. व्हॉल्व्हवाल्याचा धाकटा पण असाच पोट धरून बसतो. त्या पलीकडच्या म्हातारीचे हात थरथरतात."

मी म्हटलं, "दादा, आपलं पाणी ओढ्याचं नाही. वरच्या तळ्याचं आहे, खाणीच्याही वर. मी स्वतः तपासायला पाठवतो."

"तू पाठवतोस. तपासतं कोण? आणि लिहितं कोण?"

"प्रयोगशाळेतल्या बाई."

"बाईंची पोरं हे पाणी पितात का?"

ताट उचलून उठलो. पण मनातून मी ठाम आहे. उन्हाळ्यात मीच वहिनीला झऱ्याचं पाणी बंद करायला सांगितलं होतं. झऱ्याचं कोणी तपासत नाही, नळाचं मी तपासतो. तेव्हापासून पिण्यालाही नळाचंच.

२९ सप्टेंबर, मंगळवार

ताप. उठवत नाही. नेमका आज धातूच्या तपासणीच्या बाटल्यांचा दिवस – त्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत जातात. आमचं घर जलवाहिनीच्या टोकाला, म्हणून तिथला नमुना असतोच. बाकीचे कालच घेतलेत. एकच राहिला होता. पहाटेच वहिनीला अंथरुणातून सगळं समजावलं – पुसा, बोट लावू नका, गळ्यापर्यंत भरा. मग झोप लागली.

उठलो तर बाटली भरून, झाकण घट्ट लावून, उशाशी. व्हॉल्व्हवाला येऊन घेऊन गेला.

७ ऑक्टोबर, बुधवार

प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन साहेबांना. टोकाच्या नमुन्यात शिसं. मर्यादेच्या कितीतरी पट.

टोकाचा नमुना म्हणजे आमचं घर.

साहेबांनी मला आत बोलावलं. "बाटली कोणी भरली?" खरं सांगितलं. त्यांनी खुर्ची मागे ढकलली, जरा हसलेच. "अरे, मग झालं. बायका भांडी घासलेला हात लावतात, अमुक करतात. नमुना बिघडलाय. परत घे, नियमाने घे."

घरी सांगितलं नाही.

८ ऑक्टोबर, गुरुवार

नियमाने घेतला. हात दोनदा धुतले. वहिनी ओट्याशी उभी राहून बघत होती. 

१३ ऑक्टोबर, मंगळवार

दुसरा नमुना निर्दोष. शिसं नावालाही नाही. साहेबांनी फाइल बंद केली. मी येताना भिंगरीसाठी फुगा घेतला.

मग जेवताना वहिनी म्हणाली, "मी भरलेली बाटली खराब निघाली म्हणे. व्हॉल्व्हवाल्याच्या बायकोकडून कळलं मला."

"तसं नाही वहिनी –"

"भाऊजी, मी बोटसुद्धा लावलं नव्हतं. नळ पुसला, बाटली धरली. अगदी सकाळी, कोणी उठायच्या आत. तुम्हाला उशीर नको म्हणून."

"आणि पाणी किती वेळ सोडलं?"

"सोडलं म्हणजे? थेट भरली. एवढं पाणी ओतून द्यायला माझा जीव होत नाही." मग जरा हसली. "भिंगरी रडली त्या दिवशी. तिचा पहिला ग्लास तुमच्या बाटलीत गेला ना."

घास तसाच हातात राहिला. का ते नीट कळत नाही. उद्या बाईंना विचारतो.

१४ ऑक्टोबर, बुधवार

बाईंना फोन केला. साहेबांना न विचारता – हे मी कधी केलेलं नाही. वहिनीने कशी भरली ते सांगितलं. बाईंनी भरल्याची वेळ पुन्हा विचारून घेतली.

मग म्हणाल्या, "पाणी सोडायचा नियम जंतूंच्या तपासणीचा आहे. शिशासाठी तो उलटा पडतो. रात्रभर पाणी नळीत उभं राहिलं की नळीतलं शिसं त्यात उतरतं. वरच्या तळ्याचं पाणी असं मऊ, म्हणजे क्षार कमी असलेलं, ते शिसं लवकर उतरवतं. पाच मिनिटं सोडलं की तेच तर वाहून जातं. तुम्ही मागून आलेलं स्वच्छ पाणी भरता."

"म्हणजे माझ्या इतक्या बाटल्या –"

"दोन्हीसाठी एकच पद्धत चालू राहिली. आमच्याही लक्षात यायला हवं होतं. घरातली नळी कसली आहे?"

"मऊ."

"कोणत्या रंगाची?"

"करडी."

"खरवडून बघा."

ओट्याखाली वाकून चाकूने खरवडली. लोण्यासारखी निघाली. आतून चकचकीत, नव्या भांड्यासारखी. बोटाला काळं लागलं.

भिंगरी मागे उभी होती. "काका, माझ्या नळाला काय करतोयस?"

१५ ऑक्टोबर, गुरुवार

पहिला ग्लास बंद केला. मी तिच्या आधी उठून बादली भरून नळ वाहता ठेवला. ती इतकी रडली की दादा धावत आला. "अरे, काय खुळ्यासारखं करतोस? तिचा तेवढा एक हट्ट आहे."

"नळात गाळ आलाय," म्हटलं. खोटं. गाळ असता तर किती बरं झालं असतं.

वहिनीला मात्र अंगणात नेऊन सांगितलं. नळीबद्दल, शिशाबद्दल, सगळं. तिने ऐकून घेतलं आणि घरात जाऊन दोन कळशा उचलल्या. झऱ्याकडे निघाली. दाराशी थांबून एवढंच म्हणाली, "मी झऱ्याचंच देत होते, भाऊजी."

मी सांगितलं म्हणून बंद केलं होतं. ते ती बोलली नाही.

१७ ऑक्टोबर, शनिवार

बाईंनी सांगितल्याप्रमाणे भिंगरीचं रक्त शिशासाठी द्यायला नेलं. सुई टोचताना ती रडलीच नाही. पूर्वी आरडाओरडा करून दवाखाना डोक्यावर घेतला असता.

बाईंना मी वरच्या आळीतली ती घरं अजून सांगितलेली नाहीत. "सोमवारपर्यंत कळवा," म्हणाल्या. कळवायचं म्हणजे काय – ज्या ज्या घरी दादाने नळ आत आणलाय तीच घरं. दुसरं कोणतंच नाही. एकदा लिहून दिलं की ते दादाचं नाव लिहून दिल्यासारखंच.

तोवर दारोदार जाऊन सांगून आलो – सकाळी नळ वाहू द्या, पहिलं पाणी पिऊ नका, झाडांना घाला. "खात्याची सूचना आहे." व्हॉल्व्हवाला म्हणाला, "खात्याची सूचना? खात्याचा मी नाही का? मला तर कोणी सांगितलं नाही." मी चप्पल घालून निघालो.

१९ ऑक्टोबर, सोमवार

बाईंना फोन केला नाही. त्यांचाही आला नाही. दिवसभर फोनकडे बघत होतो.

२२ ऑक्टोबर, गुरुवार

भिंगरीच्या रक्तात शिसं. बरंच. डॉक्टर म्हणाले, वेळेत कळलं, मूल बरं होतं – पण आता शरीरात आणखी जाता कामा नये. कुठून येतंय ते शोधा.

दादाने कागद हातात घेतला आणि भिंतीला टेकला. मग एकदम पेटला. "म्हणत होतो ना मी? खाण! शिशाची खाण! आणि हा बाटल्या भरून निर्दोष, निर्दोष करतोय. लाज वाटत नाही तुला?"

"दादा –"

"गप्प बस. माझ्या पोरीला ज्याने हे पाजलं ना, तो समोर आला तर त्याचे हात जाग्यावर ठेवणार नाही मी. साहेब असो नाहीतर कोणीही."

वहिनी माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

त्याचे हात. मी त्याच्या हातांकडेच बघत होतो. अंगठ्याच्या रेषांत काळं बसलेलं असतं, ते कधीच जात नाही. आम्ही लहानपणापासून म्हणत आलो, कष्टाचे हात.

२३ ऑक्टोबर, शुक्रवार

दादा सगळ्या आळीला गोळा करतोय. सोमवारी साहेबांच्या कार्यालयावर जायचं ठरलंय. पुढे दादा. व्हॉल्व्हवाला मला बाजूला घेऊन म्हणाला, "तू नेमका कोणाच्या बाजूला उभा राहणार, ते आधी सांगून ठेव. मला मध्ये उभं राहावं लागेल."

बाईंचा फोन आला. "मी थांबू शकत नाही हो. त्या घरांत मुलं आहेत. उद्या-परवा नाही सांगितलंत तर मी स्वतः येते." रागावल्या नव्हत्या. तेच जास्त लागलं.

वहिनी कपडे वाळत घालताना म्हणाली, "मी सांगू का तुमच्या दादांना?"

"नको. मी सांगतो."

"मग सांगा. रोज त्यांच्या ताटात वाढताना माझा हात अडकतो."

२४ ऑक्टोबर, शनिवार

सांगायला तीनदा तोंड उघडलं. एकदा भिंगरी मध्ये आली, एकदा कोणीतरी हाक मारली. तिसऱ्यांदा कोणीच नव्हतं.

सांगितलं नाही.

२५ ऑक्टोबर, रविवार

सांगितलं.

जेवणं झाल्यावर, भरदुपारी. वहिनी भिंगरीला घेऊन शेजारी गेली – मुद्दाम गेली. मी ओट्याखाली बसलो आणि चाकूने खरवडून दाखवलं. बोललो फार थोडं. रात्रभर पाणी उभं राहतं. पहिला ग्लास. माझ्या बाटल्या का निर्दोष आल्या. तळ्यात काही नाही, खाणीतही काही नाही. नळीत आहे.

मला वाटलं होतं तो अंगावर येईल. मी पाठ भिंतीला लावूनच बसलो होतो.

तो खाली बसला. चकचकीत जागेवरून अंगठा फिरवला, मग अंगठा बघितला.

"काळं लागतं," म्हणाला. "मला वाटायचं जुनी आहे म्हणून लागतं."

थोड्या वेळाने – "जोड नाही, गळती नाही. मी सगळ्यांना म्हणायचो, माझ्या नळाला बोट दाखवा."

"तुला कुठे माहीत होतं, दादा?"

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"अकरा दिवस."

त्याने मान हलवली. ना हो, ना नाही. मग करवत आणली आणि नळी कापायला बसला. इतकी मऊ की फार वेळ लागलाच नाही. भिंगरी परत आली तेव्हा भिंतीत नुसतं भोक होतं. "माझा नळ कुठे गेला?" दादा म्हणाला, "आजारी पडला बाळा. नवा आणू." तिने थोडा वेळ विचार केला आणि विचारलं, "त्याचं पण पोट दुखतं का?" दादा उठून अंगणात गेला.

संध्याकाळी तो स्वतः घरोघर गेला, मी मागे. प्रत्येक दारात तेच वाक्य – "मी लावलेली नळी वाईट आहे, पाणी पिऊ नका, मी काढून देतो." कोणी समजूत घातली, कोणी दार लावून घेतलं. व्हॉल्व्हवाल्याची बायको धाकट्याला उचलून आत गेली. व्हॉल्व्हवाला मात्र चप्पल घालून आमच्याबरोबर निघाला.

परत येताना दादाने बोटांवर घरं मोजली. पुन्हा मोजली. "एवढीच," म्हणाला. "झाली सगळी." बाईंना घरं कळवून टाकली. नाव दादानेच सांगितलं, फोन माझ्या हातातून घेऊन.

किती दिवसांनी छातीवरचा दगड उतरला. उद्या साहेबांकडे दादाबरोबर जाईन. आज झोप येईल.

२६ ऑक्टोबर, सोमवार

दादाने हलवून उठवलं. "शाळेचा नळ," म्हणाला. चेहरा पांढराफटक.

मी खाली शहरात कामाला होतो त्या साली उरलेल्या नळीत त्याने तो लावून दिला होता. फुकट. म्हणून कालच्या मोजणीत आला नाही.

दर महिन्याला तिथे मी पाच मिनिटं पाणी सोडतो.

शनिवार-रविवार शाळा बंद होती. पाणी दोन दिवस नळीत उभं आहे. दादा पाना घेऊन उतार उतरतोय, मी बुटाची नाडीही बांधलेली नाही. ती दोन वेण्यांची मुलगी सगळ्यांच्या आधी येऊन नळावर बसते.

निघालो.